शुक्रवारचे कान

कैरोच्या उत्तरेला, आमच्या दुमियात नावाच्या गावात, ज्याला काहीच येत नाही तोसुद्धा पलंग करतो. एकट्या आमच्या गल्लीत सत्तावीस कारखाने, आणि सगळ्यांचा माल एकच: सोनेरी पायांचे सोफे, मोराच्या पाठीचे पलंग, नवरीची कपाटं. फक्त माझे वडील वगदी, ज्यांना सगळे उस्ता, म्हणजे मुरलेला कारागीर, म्हणतात, घराच्या खालच्या मजल्यावर स्पीकर करतात. माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढे उंच, बीच नावाच्या लाकडाच्या पातळ फळ्या वाकवून एकावर एक चिकटवलेले, आत मेंढीची लोकर भरलेले. एक जोडी व्हायला पाच महिने लागतात. समोरचा सोफेवाला दर वेळी विचारतो, "उस्ता, यात कपडे कुठे टांगायचे?" बाबा हसतात. त्यांना कुणी काही बोललेलं चालतं, एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट मला नऊ वर्षांपूर्वी कळली आणि त्या दिवसापासून मी या घरात अडकले.

बाबांच्या प्रत्येक स्पीकरमध्ये चार तोंडं असतात. खाली थाळीएवढं, मग बशीएवढं, मग पेल्याएवढं आणि सगळ्यात वर नाण्याएवढी एक रेशमी घुमटी. आवाजाचं वरचं, सगळ्यात बारीक टोक या घुमटीतून येतं: गाणारीचा श्वास, ऊद या वाद्याच्या तारेवर नखी घासल्याचा आवाज, टाळ्या थांबताना कुणाच्या तरी बांगड्या. ही घुमटी किती बोलेल ते पाठीमागचा एक रेझिस्टर ठरवतो, शेंगदाण्याएवढा. तो चुकला की कानात सुया टोचतात. कुठला लावायचा हे पुस्तकात नसतं. चिमट्याने एकेक जोडून बघायचा, खुर्चीत बसायचं आणि ऐकायचं.

मी वीस वर्षांची होते. दुपारचं जेवण घेऊन खाली गेले तर असा कर्कश आवाज की ताट हातातून पडायचंच बाकी. बाबा डोळे मिटून खुर्चीत बसले होते आणि म्हणत होते, "अजून जरा मंद वाटतोय." मला वाटलं थट्टा करतायत, म्हणून मी हसले. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि काय झालंय ते माझ्याआधी त्यांना कळलं. चाळीस वर्षं करवत आणि रंधा मशीनशेजारी उभं राहून कानांतून आवाजाचं वरचं टोक झिजून गेलं होतं. माणसाचं बोलणं ऐकू यायचं, अजान ऐकू यायची, ती घुमटी मात्र नाही.

आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. बाबा खुर्चीतून उठले, मला तिथे बसवलं आणि म्हणाले, "हे तू, मी आणि अल्ला, एवढ्यातच राहू दे."

अल्लाचं मला माहीत नाही, मी मात्र तिथेच राहिले.

गल्लीतली मशिनं फक्त शुक्रवारी बंद असतात, त्यामुळे ऐकायचं काम शुक्रवारीच. नऊ वर्षं माझा एकही शुक्रवार माझा नव्हता. एकदा मी आवाज मोजायचा माइक आणि संगणकावरचा प्रोग्राम आणला. बाबांनी तो माइक ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "यंत्राला सुई टोचत नाही." गिऱ्हाईक आलं की आमचं नाटक ठरलेलं. बाबा डोळे मिटून मान डोलावत बसायचे, मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी. ट्रे डाव्या कमरेला टेकवला तर घुमटी वाढवा, उजव्या कमरेला टेकवला तर कमी करा, टेबलावर ठेवला तर झालं. गिऱ्हाइकं म्हणायची, मुलगी किती वळणाची आहे.

आणि मग रऊफ. पोर्ट सईदला फेरीबोटींच्या दुरुस्तीत वायरिंग करतो, शांत आहे, हसताना आधी मान खाली घालतो. चार वर्षांपूर्वी त्याने माझ्या उजव्या हातात साखरपुड्याची अंगठी घातली. लग्नात ती डाव्या हातात जाते. माझी उजव्या हातातच रुतून बसली. त्याला सुटी फक्त शुक्रवारी. तो तासभर मिनीबसने यायचा, कोपऱ्यावरच्या कहवाखान्यात बसायचा आणि खालून गाणं थांबलं की मला फोन करायचा. त्याला मी खरं कधी सांगितलं नाही. बाबांना मदत लागते, एवढंच. दर वेळी बाबा म्हणायचे ही जोडी होऊ दे, मग तारीख काढू. जोड्या होत गेल्या.

या वर्षी शुक्री बे, म्हणजे शुक्री साहेब, जोडी सांगायला आले. कैरोचे निवृत्त न्यायाधीश, वय एकाहत्तर, घरात चार हजार रेकॉर्ड. त्यांचे कान सोन्याचे आहेत अशी ख्याती. तीन देशांचे स्पीकर त्यांनी ऐकून परत पाठवले होते. त्यांना जोडी पसंत पडली तर त्यांच्या चार मित्रांनाही हव्या होत्या, आणि बाबांनी मला न विचारता हो म्हणून टाकलं होतं. म्हणजे आणखी दोन वर्षं शुक्रवार. जोडी तयार होत आली त्याच आठवड्यात रऊफच्या आईने निरोप पाठवला: या महिन्यात तारीख, नाहीतर अंगठी परत. इकडे आड, तिकडे विहीर. पसंत पडली तर मी संपले, नापसंत पडली तर बाबा.

मी बाबांना संपवायचं ठरवलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ठरवलं ते खरं.

त्या जोडीचा रेझिस्टर ठरवायच्या शुक्रवारी मी खुर्चीत बसले. बाबा एकेक बदलत गेले. बरोबरचा शोधायचा मी प्रयत्नसुद्धा केला नाही. ज्याने माझे दात आंबले, तिथे मी म्हणाले, "बस, हाच." बाबांनी परत विचारलंसुद्धा नाही. माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि वर जाऊन माझ्यासाठी स्वतः चहा केला. 

पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर शुक्री बे आले. सोबत स्वतःची रेकॉर्ड, एका जुन्या गायिकेची मैफल. सुई टेकली आणि पहिल्याच व्हायोलिनला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याने. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि वाट पाहू लागले. आता ते उठतील, आता कपाळाला आठ्या घालतील.

शुक्री बे रडत होते. रुमाल काढून डोळे पुसत होते आणि म्हणत होते की आयुष्यात असं ऐकलं नाही.

मला आधी वाटलं, म्हातारा वेडा आहे. मग मला एक शंका आली. मी उरलेले पेले गोळा करण्याच्या निमित्ताने स्पीकरच्या मागे गेले आणि दोन्ही घुमट्यांच्या तारांचे चिमटे काढून टाकले. वरचं टोक कापल्यासारखं गेलं, गाण्यावर कुणीतरी गोधडी टाकली. बाबांना ते कळणार नव्हतंच. मी शुक्री बेंकडे पाहिलं.

ते पुढे झुकले, बोट वर केलं आणि बाबांना म्हणाले, "आता ऐक, उस्ता. ही जागा. बाईंचा श्वास ऐकलास? शेजारी बसल्यासारखा."

बाईंचा श्वास माझ्या हातात होता, दोन तांब्याच्या तारांमध्ये.

त्यांनी जोडी घेतली, पुढच्या आठवड्यात माणसं पाठवून नेतो म्हणाले, मित्रांच्या चार पक्क्या केल्या, माझ्या चहाची तारीफ केली आणि गेले. गाडी वळल्यावर मी चिमटे परत लावले आणि बाबांसमोर उभी राहिले.

"बाबा, त्यांना वरचं काही ऐकूच येत नाही."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. ते फडक्याने लाकडावरचे बोटांचे ठसे पुसत होते.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. अशी जोडी घ्यायची ऐपत येईपर्यंत माणसाचे कान माझ्यासारखेच झालेले असतात. सगळे म्हातारेच येतात, बघितलं नाहीस?"

नऊ वर्षं मी बघत होते आणि बघितलं नव्हतं. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात. इथे गूळ करणाराही गाढव, खाणाराही गाढव, आणि चव बघायला मला दावणीला बांधलेलं.

"मग मला का बसवलंत?"

बाबा पुसायचे थांबले. "मी न ऐकता करतो, ते न ऐकता नेतात. मधे एकाने तरी ऐकायला नको? नाहीतर समोरचा म्हणतो तेच खरं, कपाटं करतोय मी." मग खाली बघत म्हणाले, "आणि तू गेली असतीस, इनास."

मला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी इतका राग आला की दया पुरली नाही. मी सांगून टाकलं की ही जोडी मी मुद्दाम चुकीची लावली आहे, घुमटी किंचाळते आहे, आणि तो सोन्याच्या कानांचा माणूस त्या किंचाळण्यावर रडून गेला.

 बाबांनी त्याच बाईंची आमची स्वतःची रेकॉर्ड लावली, गुडघे टेकून स्पीकरसमोर बसले आणि घुमटीला कान लावला. डावा लावला, मग उजवा. माझे वडील त्या नाण्याएवढ्या रेशमापाशी वाकून बसले होते आणि त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. मी आयुष्यात इतकं वाईट काही केलं नाही.

तेवढ्यात रऊफ दारात आला. गाडी गेलेली पाहून कहवाखान्यातून उठून आला होता. आत पाऊल टाकताच त्याने डोळे बारीक केले आणि एक कान हाताने झाकला. "काका, माफ करा, पण हे कानात टोचतंय."

बाबांनी मान वळवली. मी सोडून कुणी हे त्यांना कधी म्हटलंच नव्हतं. ते गुडघ्यांवर हात ठेवून उठले, खुर्ची ओढून बरोबर मधोमध ठेवली आणि तिच्या पाठीवर थाप मारली. "बस बेटा. कुठे टोचतंय ते सांग."

होणाऱ्या सासऱ्याने चार वर्षांत त्याला पहिल्यांदाच बेटा म्हटलं होतं. रऊफ मान खाली घालून हसला आणि बसला.

"रऊफ, ऊठ," मी म्हणाले. "आपल्याला जायचंय. तुझ्या आईला भेटायचंय. आज, आत्ता."

"हो गं, एक मिनिट. काका विचारतायत."

ते एक मिनिट मला चांगलं माहीत होतं. त्याला सगळं सांगायला हवं होतं, खुर्ची, ट्रे, शुक्रवार, पण बाबा समोर उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. मी म्हणाले, "मी कोपऱ्यावर थांबते. रेकॉर्डची ही बाजू संपली की मिनीबस धरते. ये." आणि बाहेर पडले.

गल्ली रिकामी होती, सगळे कारखाने कुलपात. खिडकीतून गाणं येत होतं आणि सुया अजून टोचत होत्या. मधे थांबलं. पुन्हा सुरू झालं, थोडं कमी टोचलं. पुन्हा थांबलं. पुढच्या वेळी जरा मंद झालं, आणि रऊफचा आवाज आला, "नाही काका, इतकं नाही, जरासं परत." पुन्हा थांबलं.

मग गाणं सुरू झालं आणि बाईंनी श्वास घेतला. तो मला कोपऱ्यावर ऐकू आला. आवाज बरोबर लागला होता. इतका बरोबर मला नऊ वर्षांत एकदाही लावता आला नव्हता.

बाजू संपली, रऊफ आला नाही. पोर्ट सईदची मिनीबस माझ्यासमोर येऊन थांबली, ड्रायव्हरने बसायचं आहे का विचारलं. मला आता कुणी धरून ठेवलं नव्हतं. कारखान्यात बाबांनी रेकॉर्डची दुसरी बाजू लावली, आणि मी ती ऐकत तिथेच उभी राहिले.