गोधडीवरची मुलाखत

"घोव जेवाक बसलो तेवा कधी वारो घातल्यान नाय, आणि त्या डबड्याक वारो घालता!"

खळ्यात आमसुलं उलटता उलटता माईने नवऱ्यावरून हा टोमणा उन्हाला मारला, पण माजघरात पोचेल एवढ्या आवाजात. आत तिची सून अक्षया वर्तमानपत्राची घडी करून लॅपटॉपला वारा घालत होती. लॅपटॉप पणजीत नोकरी करणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या, विश्वेशच्या कॉलेजच्या दिवसांतला, जुनाट. चारच दिवसांपूर्वी कट्टा गावच्या बाजारात दुरुस्तीचं दुकान असलेल्या मितेशने दुरुस्त करून घरी आणून दिला होता. अक्षया तेव्हा बाजारात गेली होती. दुरुस्त होऊनही आतला पंखा फिरू लागला की घरात गिरण बसवल्यासारखं वाटे.

"पीठ तरी खंय पडता गो?" माई उंबरठ्यात येऊन उभी राहिली.

अक्षया हसली नाही. "माई, अकरा वाजता माझी मुलाखत आसा. पणजेची कंपनी. लागली तर ह्यांच्याकडे रवाक जावक मिळात. तुमका सांगणारच होतंय..."

माई आत गेली. कपाट उघडून पाहुण्यांसाठी राखलेली गोधडी घेऊन आली. टेबलावर ती चौपदरी अंथरली आणि लॅपटॉप उचलून स्वतःच्या हाताने वर ठेवला.

गिरण जणू पलीकडच्या वाडीत गेली.

"आता सायबांक आयकाक येवचा नाय."

अक्षयाचे डोळे भरून आले. लग्नाला तीन वर्षं झाली, तिच्यासाठी ते कपाट कधी उघडलं नव्हतं. तिने वाकून नमस्कार केला. माईने पाय मागे घेतले नाहीत.

अक्षया छान बोलली. आधी मराठीत, मग इंग्रजीत. इंग्रजी माईला कळत नव्हतं, पण पलीकडचा साहेब खूश होता, एवढं दाराआडूनही कळत होतं. मग लॅपटॉपचा पडदा काळा झाला.

अक्षयाने बटण दाबलं आणि चटका बसून बोट मागे घेतलं. मोबाइलवरून परत मुलाखतीत शिरायला पाहिलं. तुमची वेळ संपली आहे, असं उमटलं. शेवटी तिने मितेशला फोन लावला.

"गोधडयेर ठेवल्यात?" तो ओरडलाच. "अवो वैनी, खालसून हवा घेता ता! कापडार ठेवू नकात, गुदमारतला, म्हणान माईंक दोनदा सांगललंय. तुमची मुलाखत आसा म्हणानच सांगललंय!"

अक्षयाने फोन ठेवला.

"माई, तुमका म्हायत होता."

माईने लॅपटॉप बाजूला सारला आणि कोपऱ्याला कोपरा जुळवत गोधडीची घडी घालू लागली. गोधडी अजून ऊन होती.

"होता," ती म्हणाली. "मुलाखतीचा पण म्हायत होता. कट्ट्याच्या मितेशान सांगल्यान, माझ्याच खळ्यात उभो रवान. चार दिस माझ्यासमोर बसान जेवलंस, तोंडातून अक्षर काढलंस नाय. बाजारातल्याक आदी, आणि घरातल्या सासवेक अकरा वाजताना! असल्या बायलेक धाडूचा नसता गो खंय. आता रव हयसरच. माझ्यासमोर."