दिसण्यापुरते दोष

रिव्हॉल्वर घरी आलं त्या दुपारी त्याच्यावरचे डाग तिला दिसले आणि नवऱ्याला दिसले नाहीत. ती घाबरली ती त्यामुळेच.

जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा खोका उघडा होता. आत फोमच्या खाचेत ती काळी वस्तू निजल्यासारखी पडलेली. तिने हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं. नळीच्या डाव्या अंगाला कोणी नखाने ओढावा तसा ओरखडा होता. गोळ्या भरायच्या चक्राजवळ निळसर काळा मुलामा एकसारखा बसला नव्हता, तिथे ओल आलेल्या भिंतीसारखा करडा ठिपका उमटला होता. मुठीची एक लाकडी पट्टीही लोखंडाशी नीट मिळत नव्हती, कडेला फट दिसत होती.

"अहो, हे नवीनच आहे ना?"

"हो."

"मग हा ओरखडा कसला? आणि इथे बघा, रंगसुद्धा नीट नाही."

तो टॉवेलला हात पुसत आला. खोक्यात बघितल्यासारखं केलं. "असू दे गं. दिसण्याचं काय करायचंय? चालतंय ना, झालं."

एवढं बोलून तो खिडकीपाशी जाऊन बसला.

"चालतंय ना, झालं" हे शब्द त्याच्या तोंडून तिने लग्न झाल्यापासून ऐकले नव्हते. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. आलेलं प्रत्येक भिंग तो खिशातल्या छोट्या दुर्बिणीसारख्या भिंगातून तपासायचा आणि केसाएवढी रेघ दिसली तरी माल परत धाडायचा. गिऱ्हाईक हसून म्हणायचं, "अहो, एवढं कोण बघतं?" तो म्हणायचा, "मी बघतो." घरात नवी बशी आली, नवा कुकर आला, तरी आधी उजेडात धरून गोल फिरवून बघणार, मगच घरात घेणार. मलाही असंच फिरवून बघितलं असतं, आईबाबा समोर होते म्हणून वाचले, अशी ती बहिणींपुढे त्याची थट्टा करायची. त्यावर तो म्हणायचा, "ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षं राहायचं, ते नीट बघून घ्यायला नको?"

आणि ह्या वस्तूकडे त्याने धड पाहिलंसुद्धा नव्हतं. हिच्याबरोबर त्याला फार दिवस राहायचंच नव्हतं. हा विचार मनात आला तसं तिने खोक्याचं झाकण लावलं. तिने खोक्याचं झाकण लावलं.

"गोळ्या कुठायत?" तिने शक्य तेवढ्या सहज विचारलं.

"उद्या मिळतील. बंदुकवाल्याकडे संपल्या होत्या."

परवाना मागताना त्याने दुकानाच्या राखणीचं कारण दिलं होतं. ते कोणालाही पटण्यासारखं होतं. थंडीच्या सुरुवातीला भर दुपारी दोन माणसं दुकानात शिरली होती, तोंडं झाकलेली, एकाच्या हातात पिस्तूल. तो गल्ल्यामागे हात वर करून उभा राहिला. तेवढ्यात मागच्या खोलीतून भिंगकाका बाहेर आले. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवणारे म्हातारे कारागीर, त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांचं खरं नाव बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. यंत्राच्या आवाजात त्यांना काही कळलंच नव्हतं. ते पुढे आले आणि पिस्तुलाच्या दस्त्याचा एक घाव डोक्यावर बसला. रुग्णालयात ते शुद्धीवर आलेच नाहीत.

तेव्हापासून दुकान कधी उघडलं तर उघडलं. तो उठायचा, दाढी करायची राहून जायची. ताटात वाढलेलं चिवडत बसायचा. दूर राहणाऱ्या मुलीचा फोन आला की मात्र आवाजात उसनं अवसान आणून "मजेत" म्हणायचा. रिव्हॉल्वर घ्यायचं ठरल्यावर त्याच्यात जरा हुशारी आली होती. पोलिसांकडे, कचेरीत, डॉक्टरच्या दाखल्यासाठी तो स्वतःहून हेलपाटे घालत होता. तिला वाटलं होतं, चला, माणूस मार्गी लागला. आता त्या हुशारीचा अर्थ लागला आणि तिला स्वतःच्या भोळेपणाची चीड आली.

त्या रात्री तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो "वेडी आहेस का" म्हणाला असता आणि तो विषय कायमचा मिटला असता. सकाळी चहा देताना ती म्हणाली, "हे परत करायचं. नव्याचे पैसे मोजून डागाळलेलं कशाला घ्यायचं? मी येते बरोबर."

"अगं, एवढ्याशा ओरखड्यासाठी..."

"तुम्ही एवढ्याशा रेघेसाठी माल परत पाठवत होतात. तेव्हा मी काही बोलले का?"

त्याने चहा अर्धाच ठेवला आणि खोका काखेत घेतला. वाद घालायची ताकद त्याच्यात नव्हती.

बंदुकवाल्याचं दुकान तळघरात होतं. जाड दार, लोखंडी जाळी, तेलाचा वास. बंदुकवाला टकला, मऊ बोलण्याचा माणूस होता. त्याने खोका उघडला, वस्तू रिकामी असल्याची खात्री करून घेतली आणि हिरव्या कापडावर ठेवली.

"ताई, हे दिसण्यापुरते दोष आहेत. कारखान्यात घाईघाईत होतं असं. कामात तसूभर फरक पडत नाही."

"मला पडतो," ती म्हणाली. "ही फट बघा. हा डाग बघा. उद्या इथून गंज धरला म्हणजे?"

"मी इथेच पॉलिश मारून देतो की. अर्ध्या तासाचं काम."

"नको. तुमच्या पॉलिशने डाग झाकला जाईल, जाणार नाही. कारखान्यात पाठवा."

"कारखान्यात म्हणजे ताई, दोन-तीन महिने धरून चाला. आपण साहेबांना विचारू. काय साहेब?"

साहेब फरशीकडे बघत उभे होते. बंदुकवाल्याने त्याच्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं, चुकीच्या काजात अडकवलेल्या शर्टाच्या गुंडीकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. ती पापणी न हलवता त्याच्याकडे बघत होती. बोलायचं ते तोंडाने बोलता येत नव्हतं.

"बरोबर आहे ताईंचं," तो सावकाश म्हणाला. "नवी वस्तू बिनडाग पाहिजे. पाठवतो मी. आणि कारखान्याचं काम म्हणजे, लांबलं तर लांबतंसुद्धा."

रस्त्यावर आल्यावर तिला हुंदका फुटला. तो तिने खोकल्यात जिरवला.

ते महिने तिला मिळाले, पण त्यांचं काय करावं हे तिला समजेना. ती त्याला फिरायला नेई, तो मुकाट्याने मागे चाले. कपाट आवरायला सांगे, तो एक घडी घालून तिथेच बसून राही. एका डॉक्टरांचं नाव कोणीतरी सांगितलं होतं. ते काढलं की तो म्हणे, "मला काय धाड भरलीय?" बंदुकवाल्याला मात्र तो न चुकता फोन करी, "आलं का?" ओरखडा गेला का, असं त्याने एकदाही विचारलं नाही.

एक दिवस ती भिंगकाकांच्या घरी गेली. काकू एकट्याच राहत होत्या. दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेलं पायपुसणं, भिंतीवर काकांचा फोटो. काकूंनी पाणी दिलं आणि बसायच्या आतच म्हणाल्या, "बरं झालं आलीस. तुझ्या नवऱ्याला सांग, इथे येत जाऊ नको."

"ते येतात इथे?"

"तुला ठाऊक नाही? दर आठवड्याला येतो. फोटोसमोर बसतो. बोलत नाही, चालत नाही. डोळे भरले की मीच त्याला पाणी देते, मीच म्हणते, जाऊ दे बाबा, तुझा काय दोष. अगं, माझा नवरा गेलाय. त्याची समजूत घालण्यात माझा दिवस जातो. मी कधी रडायचं?"

काकूंचा आवाज चढला नव्हता. पायपुसण्याची वाळलेली कड त्या उगाच चिमटीत धरून सरळ करत होत्या.

"राग नाही माझा त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "पण त्याने माझ्या दारात येऊन बसू नये. तुझ्यापुढे बसावं. तुझा आहे तो."

ती घरी आली. त्याला सांगायचं तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. हे ऐकून उरलासुरला धागाही तुटला तर, ही भीती होती.

फोन आला तेव्हा तो अंघोळीला गेला होता. बंदुकवाला म्हणाला, "ताई, आलंय. मी जमेल तेवढं थांबवलं. आता साहेब स्वतः कारखान्याला विचारायला लागलेत, माझा नाइलाज आहे."

दोघं तळघरात उतरली तेव्हा हिरव्या कापडावर ते पुन्हा ठेवलेलं होतं. नळी आरशासारखी काळी. मुठीची पट्टी अशी बसलेली की सांधा शोधावा लागत होता. बंदुकवाल्याने दिवा जवळ ओढला. तिने वरून पाहिलं, खालून पाहिलं, पदर खोचून भांडायला आलेल्या बाईसारखी ती त्याची कड न् कड धुंडाळत होती. काहीच नव्हतं. कारखान्याने यावेळी जीव लावून काम केलं होतं.

"इथे," ती म्हणाली आणि चक्राजवळ बोट ठेवलं. "इथे डाग आहे."

बंदुकवाला वाकला. "कुठे ताई?"

"हा काय. दिसत नाही तुम्हाला?"

"मला द्या," नवरा म्हणाला. खूप दिवसांनी तो कशासाठी तरी पुढे झाला होता. त्याने खिशातून ते छोटं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि तिच्या बोटाजवळ खाली वाकला. सवयीने त्याने डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली अशी ती जागा नीट पाहिली.

"इथे काहीच नाही," तो म्हणाला.

"आहे."

"अगं नाही. एकदम स्वच्छ आहे, मी..."

तो थांबला. भिंग अजून डोळ्याला होतं. त्यातून त्याला तिचं बोट दिसत होतं, मोठं झालेलं, आणि ते थरथरत होतं. त्याने भिंग खाली घेतलं आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून?" त्याने हळूच विचारलं.

तिने होकाराची मान हलवली. "मला डाग दिसतोय तोवर हे घरी येणार नाही."

"आणि डाग संपले म्हणजे?"

"मी नवे काढीन. म्हातारी होईपर्यंत काढीन. तुम्हाला माझा स्वभाव माहीत नाही अजून."

बंदुकवाला पाठ करून कपाटातलं काहीतरी शोधू लागला. बराच वेळ शोधत राहिला. मग नवऱ्याने खोका त्याच्याकडे सरकवला.

"हे तुमच्याकडेच राहू द्या. परत घ्यायची काय रीत असेल ती करा. कमी पैसे आले तरी चालतील."

"करतो साहेब. आजच करतो," बंदुकवाला म्हणाला आणि खोका लगेच आत घेऊन गेला, कोणी मन बदलेल अशा घाईने.

बाहेर बसथांब्याच्या बाकावर दोघं बसली. बसेस येत होत्या, जात होत्या. तो एकाएकी बोलायला लागला.

"मला ऐकू येत होतं, यंत्र बंद झालं ते. काका बाहेर येणार हे मला कळलं होतं. नुसतं ओरडायचं होतं, 'काका, आतच थांबा' एवढंच. तोंडच उघडलं नाही. ते लोक मला मारतील असं वाटलं."

"तुमची काही चूक नाही" असं म्हणणं सोपं होतं. सगळे तेच म्हणत होते आणि त्याने काही झालं नव्हतं. ती म्हणाली, "काकूंनी सांगितलंय, तुम्ही तिथे जाऊ नका. तुमची समजूत घालता घालता त्यांना रडायला मिळत नाही."

त्याचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला.

"मग मी कुठे जाऊन बसू?"

"माझ्यापुढे. आणि त्या डॉक्टरांपुढे."

तो डॉक्टरांकडे गेला. औषधं सुरू झाली. लगेच काही पालटलं नाही. दुकान चपलांच्या एका व्यापाऱ्याने घेतलं. मुलीला तिने अखेर सगळं सांगितलं. मुलगी येऊन राहिली, रडली, परत गेली. त्याचे काही दिवस बरे जात, काही दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून असे. बऱ्या दिवसांत ओळखीच्यांचे मोडलेले चष्मे तो घरीच नीट करून देई. वाईट दिवसांत ती त्याच्या शेजारी खुर्ची टाकून भाजी निवडत बसे. हे संपेल असं डॉक्टर म्हणत नव्हते, कमी होईल म्हणत होते. ती तेवढ्यावर दिवस काढायला शिकत होती.

न्हाणीघरात गेला की तो आता दाराला कडी लावत नसे. तिने सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानेच ठरवलं होतं. पाण्याचा आवाज थांबला की स्वयंपाकघरात तिचा हात थांबे. मग आतून त्याचं खाकरणं ऐकू येई, मुद्दाम जरा मोठ्याने, आणि ती पुन्हा कामाला लागे.