ताटावरची नजर

दिशा बारीक व्हायला लागली तसं राहीला आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटू लागलं.

दिशा तिची मामेबहीण. पूर्णगडच्या गंगाराममामाची एकुलती एक मुलगी. बारावीनंतर कॉलेजसाठी ती मिरकरवाड्याला आतेकडे, म्हणजे राहीच्या आईकडे, राहायला आली. तेव्हा ती अंगानं चांगली भरलेली होती. हसली की गालांत डोळे बुडायचे. राही तिच्याहून थोडी मोठी, उंच, नाकीडोळी नीटस. दोघी बाजारातून निघाल्या की माणसं राहीकडे बघत. राहीनं तिला हौसेनं आपल्या खोलीत घेतलं, कपाटातले दोन कप्पे रिकामे करून दिले, स्वतःचे कानातले वापरू दिले. आपण वरचढ आहोत हे ठाऊक असलं की मन मोठं ठेवणं सोपं जातं.

मग पुढच्या उन्हाळ्यात पूर्णगडला एका हळदीत दिशा नाचली. त्याचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला आणि बाळा नावाच्या लांबच्या काकानं त्याखाली लिहिलं, ‘गंगारामाची होडी भरून आली.’ सगळे हसले. दिशानंही हसणारा चेहरा टाकला. त्या आठवड्यापासून तिनं रात्रीचा भात सोडला.

गणपतीत घरी आलेल्यांनी तिला ओळखलंच नाही. हनुवटी निघाली होती, मान लांब दिसत होती. शिलाईवाली राजश्री तिचे ड्रेस आत घेताना म्हणाली, की असं अंग असलं तर शिवायलाही मजा येते. राहीची आई मालन मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात मासळी घेऊन बाजारात विकायची. तिखट जिभेची बाई, कुणाचं कौतुक सहसा करायची नाही. तीसुद्धा टोपली डोक्यावरून उतरवताना शेजारणींना सांगायची, “माझ्या भाचीनं मनावर घेतलंन आणि करून दाखवलंन.” आणि मग राहीकडे एक नजर टाकायची. ती नजर राहीला दिवसभर टोचत राहायची.

राही रोज आरशासमोर उभी राहून स्वतःचे दंड दाबून बघू लागली. दिशाला हे जमलं तर मला का नाही? तिचं काहीतरी गुपित असणार आणि ते ती सांगत नाही, असं तिच्या मनानं घेतलं. म्हणून ती दिशावर पाळत ठेवू लागली.

जेवताना बांगड्याचा काटा काढायला दिशाला फार वेळ लागे. ती भात ताटभर पसरे, त्यात सार कालवे, घास करी, मोडी, पुन्हा करी. शेवटी ताट उचलताना अर्धा भात काट्यांखाली झाकलेला असे आणि मागीलदारी मांजर वाट बघत असे. कुणी आग्रह केला तर कॉलेजात खाल्लं म्हणून सांगे. कॉलेजात ती काही खात नाही हे राहीनं तिच्या मैत्रिणीकडून, नम्रताकडून, काढून घेतलं होतं. दिशा स्वतः मात्र सगळ्यांसाठी हौसेनं रांधायची. रविवारी घावणे घालून एकेकाच्या ताटात वाढायची, आणि समोरचा खात असताना त्याच्या तोंडाकडे बघत बसायची.

ऑक्टोबरच्या उकाड्यात पंख्याखाली सगळे घामानं निथळत असताना ती राहीच्या बाबांचा जुना स्वेटर घालून बसे. न्हाणीच्या जाळीत तिच्या केसांचा गुंता अडकलेला असे. कपाटातलं तिचं पॅडचं पाकीट कित्येक महिने तसंच होतं. ते बघून राहीला वाटलं, हिचा तो त्राससुद्धा गेला. तिला त्याचाही हेवा वाटला. दिशाला काही होत असेल असं तिच्या मनात आलं नाही. हेवा करणाऱ्याला समोरच्याचं दुःखसुद्धा मिळकतीसारखं दिसतं.

दिवाळीनंतर राहीला बघायला माणसं आली. स्वरूप नावाचा मुलगा, बापाबरोबर बर्फाचा कारखाना बघणारा. राही त्याला बंदरावर येता-जाता ओळखत होती आणि तो तिला आवडत होता. ती मोरपंखी साडी नेसून बसली. पोह्यांच्या बश्या घेऊन दिशा बाहेर आली. स्वरूपची आई गुणवंती हिनं बशी हातात घेतली आणि ही कुणाची म्हणून विचारलं. मालननं अभिमानानं सांगितलं. पुढचा सगळा वेळ गुणवंतीची नजर दिशाच्या मागे फिरत होती. दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, मोठीचं नंतर बघू, पण धाकटीचं करायचं असलं तर कळवा.

मालननं धाकटी अजून शिकतेय असं सांगून विषय मिटवला. पण निरोप ऐकताना आईच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलेलं राहीनं पाहिलं. दिशानं खोलीत येऊन तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. राही भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्यानंतर ती दिशाशी कामापुरतंच बोलू लागली.

असंच एकदा लेक्चर रद्द झालं म्हणून राही कॉलेजातून दुपारीच घरी परतली. बाबा बोटीवर होते, आई बाजारात. चुलीच्या खोलीत दिशा जमिनीवर बसली होती. समोर भाताचं पातेलं, कालचं कालवण, भाकऱ्यांचा डबा आणि दिवाळीच्या उरलेल्या करंज्या. ती दोन्ही हातांनी खात होती. चव घेऊन नाही. कुणीतरी मागे लागल्यासारखी, न चावता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही ती थांबत नव्हती. राही दाराआड उभी राहिली. थोड्या वेळानं दिशा उठली, न्हाणीत गेली, आतून कडी घातली आणि नळ मोठा सोडला. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता. राहीनं तो ओळखला.

आणि तिला आनंद झाला. हेच ते गुपित. ज्या दिशाच्या संयमाचे गोडवे आई बंदरभर गाते, ती चोरून खाते आणि ओकते. राही पावलं न वाजवता बाहेर गेली, जेटीवर तासभर बसली आणि परत येताना मुद्दाम सँडल आपटत आली. त्या दिवसापासून जेवणानंतर न्हाणीतला नळ सुरू झाला, की ती कान देऊन ऐकू लागली. नळ किती वेळ चालतो, कधी बंद होतो, दिशा बाहेर येताना तोंड कसं पुसते, तिचे गाल कसे सुजलेले असतात, सगळं तिला पाठ झालं.

पुढच्या रविवारी गंगाराममामा सुरमई घेऊन आला. सगळे ओळीनं जेवायला बसले. मालननं सगळ्यात चांगली तुकडी दिशाच्या ताटात घातली आणि भावाला म्हणाली, की लेक बघ कशी झाली, माझ्या हातची आहे ती. राहीनं हातातला घास ताटात परत ठेवला.

“ती काय खात नाय असं वाटतं का तुम्हांला?” ती म्हणाली. “दुपारी कुणी नसलं की पातेलं रिकामं करते आणि न्हाणीत जाऊन ओकते. विचारा तिला.”

दिशाचा हात ताटात होता तसाच राहिला. राहीला वाटलं होतं, आता आई दिशाला बोलेल. पण मालन हसली.

“खाल्लंन तर खाल्लंन. पोर आपलीच हाय, चोरी कसली?” असं म्हणत तिनं दिशाच्या ताटात आणखी भात वाढला. “खा गो बाय. एवढी बारीक नको होऊस.” मग राहीकडे वळून म्हणाली, “दुसऱ्याचं चांगलं बघवत नाय तुला.”

ओकण्याचं कुणाच्या कानातच गेलं नव्हतं. दिशानं राहीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती घाबरली होती. तिनं मान खाली घातली आणि वाढलेलं सगळं खाल्लं, भराभर, सगळ्यांच्या देखत. मग हात धुवायला उठली.

नळ सुरू झाला. ओटीवर मामा आणि बाबा डिझेलच्या भावाबद्दल बोलत होते. आई ताटं गोळा करत होती. राही मात्र ऐकत होती. नेहमी जेवढा वेळ नळ चालायचा तेवढा झाला. त्याहून जास्त झाला. बादली भरून वाहू लागल्याचा आवाज आला, आणि खालचा तो दुसरा आवाज केव्हाच थांबला होता.

ती उठून न्हाणीपाशी गेली. हाक मारली. दार ठोकलं. आई म्हणाली की अंघोळ करत असेल. राही ओरडली, “आई, ती अंघोळ करत नाय. दार तोडा.” तिच्या आवाजानं बाबा धावत आले. त्यांच्या दुसऱ्या धक्क्याला कडी निखळली. दिशा ओल्या फरशीवर पडलेली होती, ओठ पांढरे, हात बर्फासारखे.

दवाखान्यात सलाईन लागलं, छातीला पट्ट्या लावून हृदयाचा आलेख काढला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, की सतत उलट्या केल्यानं रक्तातले क्षार फार खाली गेलेत आणि त्यामुळं हृदयाचे ठोके चुकतायत. वेळेत आणलंत, नाहीतर कठीण होतं. मग त्या विचारू लागल्या. हे किती दिवस चाललंय? पाळी येते का? थंडी वाजते का? केस गळतात का? जेवून लगेच कुठं जाते?

मामानं मालनकडे बघितलं. जिनं पोरीला जिवापलीकडे जपलं, तिला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं.

राहीनं उत्तरं दिली. हळदीच्या व्हिडिओपासून सुरुवात केली. पसरलेला भात, मांजर, स्वेटर, न्हाणीची जाळी, न उघडलेलं पाकीट, सुजलेले गाल, चक्कर येते म्हणून जिन्याचा कठडा धरून चढणं. सांगता सांगता तिला कळत गेलं, की हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होतं, आणि ते एकट्या तिनंच पाहिलं होतं.

“हे नखरे नाहीत आणि चोरीही नाही,” डॉक्टरीणबाई मालनला म्हणाल्या. “हा खाण्याचा आजार आहे. मनात सुरू होतो आणि शरीराला खातो. तिला ओरडून किंवा आग्रह करून तो जाणार नाही. मनाच्या डॉक्टरांकडे न्यावं लागेल, वेळ लागेल. आणि घरात तिच्या अंगाबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. जाडीही नाही, बारीकही नाही.” मग राहीकडे वळून त्या म्हणाल्या, “तू बहिणीकडे चांगलं लक्ष दिलंस.”

राहीला तिथून उठून जावंसं वाटलं.

दिशा घरी आली. जेवणानंतर तासभर कुणीतरी तिच्याशेजारी बसायचं, ताटाबद्दल न बोलता, असं मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते काम राहीकडे आलं. घरात आता पुन्हा एकच विषय होता. मालन बंदरावरून येताना दिशासाठी शहाळं आणायची, तिच्या केसांना तेल लावायची, राही जेवली का हे विचारायला विसरायची. राहीला वाटे, हेवा संपला असेल. तो संपला नव्हता. आजारी माणसाचाही हेवा वाटू शकतो, हे कळल्यावर तिला स्वतःची शिसारी आली.

एका दुपारी दोघी पडवीत बसल्या होत्या. दिशाच्या पोटात अर्धी भाकरी होती आणि ती पोटात राहू द्यायची म्हणून ती खांब घट्ट धरून बसली होती.

“राहीताई,” ती म्हणाली, “तू जेवायला बसतेस आणि जेवतेस. मग उठतेस आणि दुसऱ्याच कुठल्या गोष्टीचा विचार करतेस. मी रोज तुझ्याकडे बघायचे. मला तेवढंच हवं होतं.”

राही म्हणाली, “मी काळजीनं नव्हते बघत तुझ्याकडे. जळत होते.”

“ठाऊक हाय मला,” दिशा म्हणाली. “तरी कुणीतरी बघत होतं.”

बरं होणं सरळ नव्हतं. मालननं एकदा विसरून ‘आता चेहरा भरला गो’ म्हटलं आणि दिशा दोन दिवस जेवली नाही. मालन त्यानंतर बोलण्याआधी थांबू लागली. बाळाकाकाला मामानं फोनवर काय सुनावलं ते कुणाला कळलं नाही, पण तो ग्रुपमधून बाहेर पडला. स्वरूपचं लांज्याच्या एका मुलीशी ठरलं. राही त्या रात्री थोडी रडली आणि सकाळी कॉलेजला गेली.

परीक्षेच्या दिवसांत दिशा एकदा न्हाणीतून बाहेर आली आणि सरळ राहीसमोर येऊन उभी राहिली. तोंड ओलं होतं.

“आज झालं परत,” ती म्हणाली.

आधी हे तिनं कधी आपणहून सांगितलं नव्हतं. राहीनं पुस्तक मिटलं, डॉक्टरांना फोन लावला, आईला कळवलं, रिक्षा बोलावली. वाटेत मालनचा फोन आला. दिशा कशी आहे, दिशाला पाणी दिलंस का, दिशाला उन्हातून नेऊ नकोस. राहीनं हो हो म्हणून फोन ठेवला.

“तुझंच विचारलंन सगळं,” ती म्हणाली. “मला राग आला.”

“मग आईला सांग,” दिशा म्हणाली आणि रिक्षात तिच्याकडे थोडी सरकून बसली.

संध्याकाळी राहीनं ते आईला सांगितलं. मालन मासे कापत होती. तिनं कोयती खाली ठेवली, हात धुतले, आणि लेकीला विचारलं, की तू जेवलीस का गो.