वेल्माचा पोलादी हातमोजा

मी पोलादी कड्यांचा हातमोजा बोलतोय, आणि मी भडकलोय. गोडीगुलाबीची अपेक्षा ठेवू नका.

नेब्रास्कातल्या मांस कारखान्यात मी वेल्मा कुबातच्या वाट्याला आलो. तिच्या उजव्या हातात सुरी, डाव्या हातात मी. सुरी घसरली की वार मी झेलायचा. पुढे माझ्या दोन कड्या तुटल्या. वेल्माने मुकादमाला भोक दाखवलं.

"बाई, थोडे दिवस ढकल की! नवे मागवलेत," तो म्हणाला. मेल्याने काहीएक मागवलं नव्हतं! त्याच भोकातून सुरी आत शिरली आणि वेल्माचं बोट गेलं. माझं कामच तेवढं होतं हो, तेही मला करू दिलं नाही.

दवाखान्यात कारखान्याच्या विमा कंपनीचा फोन आला. "कशा आहात, मॅडम?" आवाज असा, साखरेत घोळलेला. इकडची माणसं मरायला टेकली तरी या प्रश्नाला एकच उत्तर देतात. वेल्मा म्हणाली, "छान. तुम्ही कसे आहात?" पलीकडे ते ध्वनिमुद्रित झालं. बाई छान आहे म्हणे, मग भरपाई कशाला? हातावर किरकोळ काहीतरी टेकवून मोकळे झाले.

तिची मुलगी जोलीन तेव्हा शाळेत होती. आईच्या कोटाची बटणं लावता लावता म्हणाली, "मी वकील होणार. यांना सोडणार नाही." मला तिने स्वतःजवळ ठेवलं. हॉटेलात ताटल्या उचलून कायदा शिकली. आणि नोकरी कुठे धरली? विमा कंपनीत!

"आतून डाव कळतात, आई."

"डाव शिक गं, पण खेळू नकोस," वेल्मा म्हणाली.

ती खेळली. तोच साखरेचा आवाज, तोच प्रश्न. मी तिच्या टेबलाच्या खणात पडून सगळं ऐकत होतो. मूठ आवळता आली असती तर टेबल फोडलं असतं!

एकदा जबडा तारांनी बांधलेली एक बाई फोनवर कशीबशी 'छान' म्हणाली. जोलीनने फोन खाली ठेवला, मला पिशवीत कोंबलं आणि राजीनामा दिला. टायरच्या दुकानावरच्या माडीवर स्वतःची कचेरी थाटली.

तिथे एफ्राइन माँताल्वो आला. गुरांच्या ट्रकने त्याला कारखान्याच्या फाटकाशी चेपलं होतं. भरपाई नाही तर पाठीचं ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही तर चालणं नाही. कोर्टात ट्रकच्या विमा कंपनीने त्याचंही 'छान' ऐकवलं.

कंपनीच्या बाजूने साक्षीला जोलीनचे विमा कंपनीतले जुने साहेब हॅडली होते. बर्फावर घसरून पाय प्लास्टरमध्ये, काखेत कुबड्या.

"सर, कसे आहात?" जोलीनने विचारलं.

"छान. तू कशी आहेस?"

ज्यूरी खो खो हसली. एफ्राइन हसला नाही. पण खटला तो जिंकला.

संध्याकाळी जोलीन नाचतच आईकडे गेली. वेल्माने तिला घट्ट मिठी मारली आणि विचारलं, "पोरी, तू ज्यांना फोन केलेस, त्यांच्या बाजूने कोण उभं राहिलं गं?"

जोलीन मिठीतून सुटली आणि कोट चढवून निघाली.

आता ती मला काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगणार आहे म्हणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं म्हणून. खबरदार! जोलीन, आधी त्या माणसांची दारं ठोठाव. तोवर तुझ्या कौतुकाला माझा हात लागणार नाही.