विलायतेतला राखणदार

आमच्या ह्यांनी विलायतेला जाताना बॅगेत कपड्यांच्या मधोमध एक नारळ ठेवला. मी म्हटलं, "मुलगी नर्स आहे तिथे. नारळ नसला म्हणून उपाशी ठेवणार नाही."

"परमुलखात शिरायचं तर तिथल्या राखणदाराला मान द्यायला लागतो, सुगंधा."

आमच्या कोकणात प्रत्येक शिवेला राखणदार असतो आणि त्याला नारळ दिल्याशिवाय पुढे जायचं नसतं, हे मलाही मान्य आहे. पण विलायतेतला राखणदार नारळ खातो की नाही, याची चौकशी कुणी केली होती?

वनमालाने तिकिटं पाठवली ती मुळात बापाच्या काळजीने. गिरणीचा संप झाला, ह्यांचे लूम थांबले, आणि तीन वर्षं हे दहिसरच्या चाळीत गॅलरीत खुर्ची टाकून बसले. आमच्या सातोळी गावच्या मुंबई मंडळात एके काळी ह्यांना विचारल्याशिवाय सभेची तारीख ठरत नसे. आता साधं कार्डही येईना. हे त्याबद्दल चकार शब्द काढत नसत आणि मला तेच सहन होत नसे.

जावयाने, शिवदासने, गाडी काढली आणि आठवडाभर आम्हाला किल्ले दाखवले. हिरवीगार कुरणं, मेंढ्या, दगडी कुंपणं, की आलाच एक पडका किल्ला. हे प्रत्येक दारात बूट काढून अनवाणी आत जायचे. गडावर पायात काही घालायचं नाही, मग गड कुणाचा का असेना. थंडीने पाय निळे पडले तरी ऐकतील तर शपथ. नारळाची पिशवी खांद्याला होतीच, पण राखणदार काही सापडेना.

पाचव्या दिवशी एका खेड्यात सापडला. किल्ल्याच्या दाराशी दगडी पुतळा होता, कल्लेदार मिशा आणि हातात तलवार. "हाच," हे म्हणाले. पायथ्याच्या दगडावर नारळ फोडला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, तुझ्या शिवेत इलंव. ह्या लेकरांक सांभाळ रे म्हाराजा." आम्ही तिघं "व्हय म्हाराजा" म्हणालो. वनमालाने फोटो काढला.

ती दोघं गाडीकडे वळली. मी जुनी अकरावी झालेली, म्हणून पुतळ्याखालची पाटी वाचायला थांबले. हा एक कॅप्टन होता. अठराशे अठरा साली कोकणातल्या सातोळीच्या गडाला अकरा दिवस वेढा घालून ह्याने त्याचा दरवाजा सुरुंगाने उडवला होता. त्याच फुटक्या दरवाजातून माझी वरात गेली होती.

सांगायला म्हणून मी वळले. हे एका गोऱ्या म्हातारीच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून खळखळून हसत होते. मी तोंड मिटलं.

परत आल्यावर आल्बम सगळ्या चाळीत फिरला आणि मंडळापर्यंत पोचला. अध्यक्ष अनंत स्वतः घरी आले. नारळाचा तो फोटो मोठा करून मंडळाच्या बोरिवलीच्या खोलीत लावायचा आणि रविवारी सकाळी ह्यांचा सत्कार करायचा, असं ठरलं. हे आठ दिवस आरशासमोर भाषण पाठ करत होते. फोटोत पाटीवरची अक्षरं मुंगीएवढी, म्हणून मीही निर्धास्त होते.

स्टुडिओवाल्याने फोटो तीन फुटांचा केला. पडदा सरला आणि पाटीवरची अक्षरं बोटाएवढी दिसली. अनंतांनी चष्मा लावला. "सा-तो-ली. अरे, आपल्या गावाचं नाव विलायतेत!" टाळ्या पडल्या. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. पुढचं वाचा ना."

हे शाल-श्रीफळ घेऊन माझ्याकडे कौतुकाने बघत होते. खोटं काय सांगू ते मला सुचेना. "आपला दरवाजा फोडायला ह्या माणसाला अकरा दिवस लागले," मी म्हटलं.

"म्हणजे हा आपला दुश्मन?" अनंत म्हणाले. "आणि दत्ताराम, तू त्याला नारळ दिलास?"

ह्यांचा चेहरा क्षणभर गॅलरीतल्या खुर्चीवरचा झाला. मग हे माईकपाशी गेले. "दिला. बजावून आलो त्याला, हा घे मान आणि पुन्हा आमच्या शिवेत पाऊल टाकू नकोस."

असा टाळ्यांचा कडकडाट त्या खोलीने ऐकला नसेल. फोटोला हार घातला. आता दर वर्षी सातोळीचे लोक त्या कॅप्टनला हार घालतात आणि मंडळाच्या सभेची तारीख पुन्हा ह्यांना विचारून ठरते.

त्या दिवशी आम्ही चालतच घरी निघालो. दहिसर नदीच्या पुलावर हे म्हणाले, "तू तिथेच वाचलं होतंस ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हसत होता."

ह्यांनी सत्काराचा नारळ माझ्या हातात दिला.

"मला कशाला?"

"राखणदाराचा मान असतो."

मला रडू आलं, म्हणून मी ह्यांना भरभर चालायला सांगितलं. घरी गेल्यावर नारळ फोडला, सोलकढी केली आणि पहिली वाटी मीच प्यायले.