समोरच

दोन वाजून पाच मिनिटांनी छोट्या रुग्णालयाची रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडली आणि सिस्टरच्या जिवाची उलघाल सुरू झाली. गाडीत ड्रायव्हरची आत्या होती, छातीत कळ आलेली. ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणत; गाडीचा भोंगा बंद पडला तरी त्याचा गळा पुरायचा.

"आत्या, घाबरू नको गं!"

"घाबरतंय कोण? हळू ओरड मेल्या, छातीआधी कान फुटायचे माझे."

गाडी वळणाआड गेली. सिस्टरने पट्ट्या गुंडाळायला घेतल्या, अर्ध्यावर सोडल्या, पुन्हा घेतल्या. खिडकीपाशी गेली, टेबलाशी आली, पुन्हा खिडकीपाशी. दरीपलीकडे मोठं रुग्णालय उन्हात उभं होतं. पांढरी भिंत, निळं दार, दोरीवरच्या चादरी इथून मोजून घ्याव्यात. म्हणून तर जो तो म्हणायचा, सून समोर बाळंत झाली, आजोबांना समोर नेलंय.

त्याच शब्दाने घात केला होता. दुर्गम भागातल्या छोट्या रुग्णालयांना आणि त्यांच्या रुग्णवाहिकांना आधार देणारा कायदा येऊ घातला होता. मोठं रुग्णालय तासाहून लांब असेल त्यांचीच नावं यादीत. बाकीच्यांची गाडी सरकारकडे परत जाणार. फॉर्म आला तेव्हा सिस्टर सुताराच्या अंगठ्याला टाके घालत होती. कंपाउंडरने प्रश्न वाचला, "जवळचं मोठं रुग्णालय किती अंतरावर?"

"समोरच," ती सुईवरची नजर न काढता म्हणाली. त्याने तेच लिहिलं.

सव्वादोनला फोन वाजला. यादी ठरवणारी समिती बसली होती. नाव गाळण्याला सिस्टरने घेतलेल्या हरकतीवर आजच निकाल होता.

"सिस्टर," एक सदस्य हसत म्हणाला, "समोरच्या रुग्णालयात जायला गाडी कशाला? हाक मारली तरी पुरे!"

चारपाच जण हसले. सिस्टरचे कान तापले.

"साहेब, हाक पोचते. माणूस नाही पोचत. मधे दरी आहे. गाडी आत्ताच निघालीये. ती समोर पोचेपर्यंत आमचं नाव खोडू नका."

"आमच्याकडे अजून एकोणीस नावं आहेत, बाई," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"ती घ्या ना आधी. मी फोन धरून बसते."

बसते म्हणाली खरी, पण बसवेना. वायर पुरेल तेवढी चार पावलं ती इकडून तिकडे करत राहिली. वाट उतरते, वाट वळते, नदीशी पूल, पुलानंतर चढ. कानात एकेक नाव चालू होतं, डोळे त्या निळ्या दारावर. तीन वाजले. दाराशी कोणी नाही. आत्याचं काय झालं असेल? सव्वातीन. चादरी काढून नेल्या कोणीतरी. कंपाउंडरने चहा ठेवला, तिने तो हलवत हलवत गार केला.

"सिस्टर, आमची नावं संपली," अध्यक्षीणबाईंचा आवाज आता हळू होता. "गाडी?"

"अजून नाही."

तिकडे कोणी हसलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सगळे तिच्याबरोबर वाट पाहत होते.

साडेतीनला पांढरा ठिपका निळ्या दाराशी थांबला. थोड्याच वेळात टेबलावरचा मोबाइल थरथरला, भोंगाच होता. तिने तो फोनच्या तोंडाशी धरला.

"ताई, पोचलो! आत घेतलं आत्याला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलीत. आता आत्या त्यांनाच झापतेय, हात गार आहेत म्हणून!"

सिस्टरने गार चहा एका घोटात संपवला.

"गाडी निघाली किती वाजता?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"दोन पाचला."

कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. "'समोरच' खोडते. एक तास पंचवीस मिनिटं. नाव राहू दे यादीत."

फोन ठेवला तरी तिचे पाय थांबेनात. तेवढ्यात भोंग्याची बायको धापा टाकत दारात आली.

"सिस्टर, आत्याबाई कुठायत?"

"बऱ्या आहेत गं. समोरच..." सिस्टर म्हणाली आणि तिने जीभ चावली.