सहा एकोणसाठ

सत्तावीस वर्षं मी गोंगाट करायची नोकरी केली. हसू नका. सरकारी नोकरी होती, पगार वेळेवर व्हायचा आणि तीन वर्षांतून एकदा समुद्रकाठच्या विश्रामगृहात पाठवायचे.

शहराबाहेर कुंपणामागे आमचे मनोरे होते. फाटकावर पाटी ‘दूरसंचार केंद्र क्रमांक सहा’ अशी, पण गावातलं शेंबडं पोरही त्याला ‘घरघर’च म्हणायचं. सीमेपलीकडचे लोक त्यांच्या रेडिओ स्टेशनवरून आमच्या भाषेत बातम्या नि भाषणं सोडायचे. ती आमच्या शहरात कुणाला ऐकू येऊ नयेत म्हणून रेडिओच्या पट्टीवर नेमक्या त्याच जागी आम्ही यंत्राची घरघर सोडायची. ते जागा बदलायचे, आम्ही मागे धावायचो. त्यांनी एक मनोरा वाढवला की आम्ही दोन वाढवायचो. रॉकेटांचंही तसंच चाललं होतं म्हणा, पण रॉकेटं वर्तमानपत्रात यायची, आम्ही नाही.

या कामात एक गंमत होती. शत्रूचं बोलणं गावात कुणी ऐकायचं नाही, पण आम्ही ऐकायचंच. अर्ध्या तासातून एकदा, मिनिटभर यंत्र बंद करायचं, हेडफोन कानाला लावायचे आणि पलीकडचा अजून त्याच जागी आहे का ते बघायचं. असला तर वहीत वेळ लिहायची आणि खटका परत दाबायचा. ही तपासणी माझ्याकडे होती.

आता आईचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. येवदोकिया प्रोखोरोव्ना. सोळाव्या वर्षी खेड्यातून आली आणि गोठलेल्या जमिनीत कुदळ मारून तिने आमच्या ट्रॅक्टर कारखान्याचा पाया खणला. लढाईत तिथेच रणगाडे जोडले. छातीवर पदक, पेटीत पक्षाचं कार्ड. “हे शहर मी बांधलंय,” असं ती पाव आणायला गेल्यावर रांगेत सांगायची, आणि त्यात फुशारकी नव्हती. वडील लवकर गेले. मला नि माझ्या धाकट्या भावाला, ग्लेबला, तिने एकटीने वाढवलं. आम्ही दाराबाहेर पाऊल टाकलं की तिचं एकच पालुपद असायचं, “टोपी कानावर ओढ.” भर जूनमध्येसुद्धा.

ग्लेब मासेमारीच्या मोठ्या जहाजावर होता. त्र्याहत्तर सालच्या शरदात पत्र आलं की परक्या किनाऱ्याजवळ वादळात बेपत्ता. आईने त्याच्या फोटोला काळी फीत लावली आणि आठवडाभर कुणाशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण टोपीचं म्हणणं तिने सोडलं. मला वाटलं, ते त्याच्याबरोबरच गेलं.

पंचाहत्तरचा मार्च, गुरुवार, माझी दुपारची पाळी. साडेसहा ते सातचा पलीकडचा कार्यक्रम संपत आला होता. माझी तपासणी राहिली होती म्हणून मी एक मिनिट उरलं असताना यंत्र बंद केलं. कुणी पावेल वोल्स्की नावाचा निवेदक बोलत होता. पहिल्याच शब्दाला मी हेडफोन कानांवर घट्ट दाबले. नाव काही का असेना, सख्ख्या भावाचा आवाज कळत नाही होय? आणि शेवटी तो म्हणाला, “बरंय मंडळी. बाहेर गार आहे. टोपी कानावर ओढा.”

मी खटका दाबला. हाताला सवय, दुसरं काय! मेलेला भाऊ जिवंत झाला आणि मी माझ्या हाताने त्याच्या तोंडावर घरघर ओतली.

घरी गेले ती आईला सांगायचंच असं ठरवून. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. टीव्हीवर कुणा देश सोडून पलीकडे पळून गेलेल्या नर्तकाबद्दल चाललं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई ठणठणीत आवाजात म्हणाली, “असल्यांना आई नसते.” माझ्या तोंडाला कुलूप लागलं. सांगितलं तर तिचा मुलगा परत मिळणार, पण गद्दार म्हणून. आणि बाहेर फुटलं तर माझी नोकरी जाणार, तिचं पदक जाणार, आणि पुढे काय काय जाईल ते कोण जाणे. मी सूप प्यायले आणि झोपले.

पण त्या दिवसापासून गुरुवारची पाळी मी कुणाला देईना. तपासणी मी बरोबर सहा एकोणसाठला घ्यायला लागले. तेवढं एक मिनिट माझ्या हातात होतं. बाकीचा अर्धा तास मी त्याला बुडवायचे आणि टोपीचं वाक्य तेवढं गावावर मोकळं सोडायचे. कुणी ऐकत असेल म्हणून नव्हे. त्या वाक्यावर माझ्याच्याने खटका दाबवेना, बस.

सात वर्षांनी आमचे प्रमुख झाखार इग्नात्येविच माझी वही घेऊन समोर बसले. जाडजूड माणूस, पण डोळे बारीक.

“रिम्मा येफिमोव्ना, दर गुरुवारी सहा एकोणसाठ. सात वर्षं. आपली रेल्वेसुद्धा इतकी वेळेवर येत नाही हो.”

“शिस्त आहे, झाखार इग्नात्येविच.”

त्यांनी दोन पानं उलटली. मग वही माझ्याकडे सरकवली.

“शिस्त चांगलीच,” ते म्हणाले. “पण अधूनमधून सत्तावन्न लिहीत जा. माणसाने केल्यासारखं दिसतं.”

मी लिहायला लागले. त्या माणसाने परत कधी विषय काढला नाही. त्याला काय कळलं होतं ते त्यालाच ठाऊक, पण मी त्याचं वाईट कधी चिंतणार नाही.

आई मात्र विचित्र वागायला लागली होती. शहरापासून साठ किलोमीटरवर आमचा भाजीच्या मळ्याचा तुकडा होता, त्यावर फळ्यांची खोली. सगळं गाव शनिवारी तिकडे जायचं, ही मे ते सप्टेंबर बुधवारीच बस पकडायची आणि शुक्रवारी परत. “शनिवारी बसमध्ये माणसं काकड्यांसारखी बरणीत भरतात,” म्हणायची. मला ते पटलं. रेडिओची माणूस मी, घरघर शहराबाहेर तीस किलोमीटरवर विरते हे मला पाठ होतं. पण डोक्यात आलं नाही ते नाहीच.

आणि मग अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरच्या शेवटी वरून एका ओळीचा हुकूम आला. बंद करा. झाखार इग्नात्येविचनी मुख्य खटका स्वतः खाली ओढला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या खोलीतलं घड्याळ ऐकू आलं. एक तंत्रज्ञ म्हणाला, “आता आपण काय करायचं?” ज्या देशाने एवढे मनोरे उभे केले त्याचाच हात आता थकला होता, ते आम्हाला इतरांच्या आधी कळलं, एवढंच.

पहिल्याच गुरुवारी मी साडेसहाच्या आत घरी पोचले. आई टेबलाशी होती, समोर चहा नि बेदाण्याचा मुरांबा. मी दार लावलं आणि म्हटलं, “आई, घाबरू नकोस. तुला काहीतरी ऐकवायचंय. आधी हृदयाचं औषध घे.”

“औषध तूच घे,” ती म्हणाली. “पांढरी फटक पडलीयस.”

मी रेडिओ लावला. घरघर नव्हती. ग्लेब बोलत होता, स्वच्छ, जणू टेबलापलीकडे बसलाय. मी आईकडे बघत राहिले. ती रडली नाही, दचकली नाही. मुरांब्याचा चमचा चाटून तिने खाली ठेवला.

“घसा बसलाय त्याचा,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात बरा होता.”

मी खुर्चीत बसले.

“तुला माहीत होतं?”

“शहात्तरपासून. मळ्यावर शेजारच्या म्हाताऱ्याचा रेडिओ चालू होता. माझ्या पोराला मी ओळखणार नाही? म्हणे वोल्स्की!”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुला सांगून तुझी नोकरी घालवू? एक पोर गेलं होतं, दुसरंही घालवू? तू तरी कुठे सांगितलंस?”

“तू म्हणालीस ना, असल्यांना आई नसते!”

“अगं, भिंतीपलीकडे शेजारची क्लावा होती. तिचे कान तुला ठाऊक नाहीत? तुझा चेहरा बघून मला वाटलं, कामावर काहीतरी झालंय, उगाच मोठ्याने बोलून बसशील. म्हणून मीच आधी मोठ्याने बोलले.”

ग्लेब गव्हाच्या पिकाबद्दल काहीतरी सांगत होता. मग मी विचारलं, विचारू नये ते.

“आणि हिवाळ्यात? हिवाळ्यात तर तू इथेच असायचीस. इथे फक्त मी होते.”

“हिवाळ्यात मी घरघर ऐकत बसायचे,” आई म्हणाली. “अगदी बारीक लावून. खाली तो, वर तू. दोन्ही पोरं एकदम घरात. आणि सातला एक मिनिट असलं की तू हात उचलायचीस. मी तेव्हाच चहा ओतायचे.”

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. तिने माझे केस विस्कटले आणि म्हणाली, “गप. ऐकू दे.”

तिला अकरा गुरुवार मोकळे मिळाले. फेब्रुवारीत ती झोपेतच गेली. तिने बांधलेला कारखाना दोन वर्षांत निम्मा बंद पडला, आणि एक्याण्णवच्या डिसेंबरात लाल झेंडा उतरला तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं बाई, तू नाहीस. खरंच म्हटलं. मला स्वतःला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही.

ब्याण्णवच्या मेमध्ये ग्लेब आला. डोकं टकलं, बूट महागाचे. थडग्यावरून आल्यावर त्याच टेबलाशी बसून त्याने विचारलं, “आईने मला कधी ऐकलं का गं?”

मी सगळं सांगितलं. खटक्यासकट. तो उठून खिडकीपाशी गेला.

“तेरा वर्षं,” तो म्हणाला. “त्या घरघरीला आम्ही काय काय शिव्या घातल्यात! आणि ती तू होतीस.”

“मी होते.”

मी आईचं बोलणं सांगितलं, खाली तो नि वर तू, तेव्हा त्याचे खांदे हलले. मग तो परत येऊन बसला.

“कसा आवाज होता? इथे घरात कसा यायचा?”

काय सांगणार? एक्कावन्न वर्षांची बाई मी, स्वयंपाकघरात बसून तोंडाने घरघर करायला लागले. घर्रर्र, घर्रर्र, दम लागेस्तोवर. ग्लेबने हात टेबलावर ठेवले, घसा खाकरला आणि खालच्या आवाजात सुरुवात केली, “नमस्कार मंडळी, मी पावेल...” तिथे तो अडला. “मी ग्लेब येफिमोविच बोलतोय.”

तो बोलत राहिला, मी घरघरत राहिले. भिंतीवरच्या घड्याळाकडे माझं लक्ष नव्हतं, पण शेवट जवळ आला हे मला कळलं. मी थांबले. त्याने ते वाक्य पुरं केलं, आणि मी उठून तिघांचा चहा ओतला.